मापाचा ब्लाउज

माझा धंदा बायकांची वर्षं कमी करण्याचा. पनवेलला टपाल नाक्याजवळ, पहिल्या मजल्यावर माझं पार्लर आहे. तिथे चाळिशीची बाई चढून येते आणि पस्तिशीची होऊन उतरते, असं मी सगळ्यांना स्वतःच सांगत असे. जिना उतरेपर्यंत ती पस्तिशीची राहील एवढीच माझी हमी. पुढे ऊन आणि सासू यांच्यावर माझा ताबा नाही.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराला, फेब्रुवारीतल्या एका दुपारी माझ्याकडे दोन बायका आल्या आणि त्यांनी मला उलटंच काम सांगितलं.

दोघी खाडीकाठच्या गावातल्या, कोळ्यांच्या घरातल्या जावा. धाकटी जाऊ बोलणारी आणि थोरली गप्प बसणारी. साखरपुडा थोरलीच्या मुलीचा होता, पण ते मला उशिरा कळलं, कारण सगळा कारभार धाकटीच्या, म्हणजे मुलीच्या काकीच्या तोंडात होता.

"पोरगी मोठी दिसली पायजे," काकी म्हणाली.

"मोठी म्हणजे?"

"म्हंजे भरलेली. अंगानं बारीक हाय ती. फोटोत पोरकट दिसते."

"वय काय?"

"अठरा चालू हाय," काकी म्हणाली, आणि माझ्या मागच्या भिंतीवरच्या नटलेल्या नवरीच्या फोटोकडे बघायला लागली.

मी मुलीच्या आईकडे पाहिलं. तिच्या डाव्या हातातल्या बांगडीत तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या, बायका अडकवतात तशा. त्या ती एका बोटानं गोल गोल फिरवत होती. बांगडीवर पिनांची किणकिण चालली होती.

मी विचारायला हवं होतं की अठरा कधी चालू झालं आणि कुठल्या दिशेनं चाललंय. विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला हुरूपच आला. मी गणेशोत्सवातल्या नाटकांमध्ये वीस वर्षांच्या पोरांना आजोबा केलेलं आहे. ज्या कलेत मी तरबेज, ती वापरायची संधी लग्नसराईत कधी मिळत नाही. सगळ्या नवरी मुलींना गोरं आणि लहानच दिसायचं असतं. मी डायरीत रविवार लिहिला, वेळ लिहिली, आणि त्या दोघी जिना उतरल्यावर आरशासमोर उभी राहून स्वतःशीच म्हणाले, चला, बऱ्याच दिवसांनी काहीतरी वेगळं.

रविवारी सकाळी मेकअपची पेटी घेऊन सहा आसनी रिक्षातून गावात पोचले. घरापुढे मांडव, मांडवात भाड्याच्या लाल खुर्च्या. मला आतल्या खोलीत नेलं. तिथे एक पलंग, एक लोखंडी कपाट, खुंटीला शाळेचं दप्तर आणि पलंगावर मांडी घालून बसलेली, दातांनी नखं कुरतडणारी ती.

तिच्या कोपराला खरचटल्याची खपली होती. पायाच्या अंगठ्याला चिकटपट्टी. केसांना तेल लावून दोन वेण्या घातलेल्या, त्यांना शाळेच्या पांढऱ्या रिबिनी. माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे सोडू का तुमी सोडता?"

मी पेटी खाली ठेवली. पेटी जड असते, पण मी ती त्यामुळे ठेवली नाही.

"वय काय गं तुझं?"

"काकीला इचारा."

"का? तुला माहीत नाही?"

"मला म्हाईत हाय. पन आज ती सांगेल ते."

काकी बाहेर खुर्च्या मोजत होती. मी दार लोटलं. तेव्हा पोरीनं हाताची पाच बोटं तीनदा दाखवली, आणि शेवटच्या वेळी करंगळी जरा उशिरा उघडली, कारण पंधरा अजून पुरती व्हायची होती.

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझा नवरा म्हणतो. मी उभी राहून जेवते, उभी राहून फोनवर बोलते. एकदा डोळ्याच्या डॉक्टरांनी मला खुर्चीत दहा मिनिटं डोळे मिटून बसवलं, तर मी त्यांच्या दवाखान्याचं कॅलेंडर चाचपून खाली पाडलं. त्या खोलीतही तेच झालं. मी कपाटापासून खिडकीपर्यंत गेले, खिडकीपासून दारापर्यंत आले, आणि ती पोर मान इकडून तिकडे फिरवत माझ्या येरझारा बघत राहिली.

"दहावीला ना तू?"

"हां. पुढच्या महिन्यात परीक्षा. गनितात नापास होनार मी."

"कशावरून?"

"सहामाईला झाले. चाचनीला झाले. मास्तर बोल्ले तू नेम चुकवत नाय कधी." ती मनापासून हसली. "पन मला बसून नापास व्हायचाय. न बसता नाय."

"साखरपुड्याचा आणि परीक्षेचा काय संबंध?"

"सासरच्यांनी सांगितलाय, आता शाला कशाला. मे मध्ये लगीन. मंग पप्पांनी शाला बंद केली, कालपासून."

"तुला लग्नच नको?"

"नको कशाला? करीन की. उरनला घर हाय त्यांचा, बंदर जवल. मोठमोठ्या बोटी येतात. पन बोटी काय आजच बगायला पायजेत? त्या काय पलून..."

आणि ती थांबली. नुसती थांबली नाही, तिनं तोंडावर हात ठेवला आणि दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तो शब्द आमच्याकरं बोलायचा नाय."

कारण गेल्या वर्षी तिची मोठी बहीण पळून गेली होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारात काम करणाऱ्या एका मुलाबरोबर, दुसऱ्या जातीच्या. तेव्हापासून घरात तिचं नाव घ्यायचं नाही, तिचा फोटो भिंतीवरून गेलेला, आणि हिला शाळेत पोचवायला आणि आणायला काका. ती गेली म्हणून हिचं उरकायचं. हे सगळं पोरीनं मला एका दमात सांगितलं, भूगोलाचं उत्तर पाठ म्हणावं तसं.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा साखरपुडा झाला तेव्हा मी सोळाची होते. त्या वर्षी आळीच्या गणपतीच्या नाटकात मला राणीचं काम मिळालं होतं. दीड पानाचं एक भाषण होतं, ज्यात मी तलवार काढायची होती. मी रात्रंदिवस लाटणं काढून सराव करत होते. मधेच वडील म्हणाले, एक चांगलं स्थळ आलंय, साखरपुडा करून ठेवू. मी रडले तर म्हणाले, "अगं, नुसती साखर तर आहे. लग्न थोडंच आहे?" साखर झाली. आठ दिवसांत निरोप आला की आमची ठरलेली मुलगी स्टेजवर नको. राणीचं काम शेजारच्या मुलीला गेलं. तिनं ते भाषण रेशनची यादी वाचल्यासारखं म्हटलं आणि तलवार म्यानात अडकली. मी पहिल्या रांगेत हातात हिरव्या बांगड्या घालून बसले होते. नवरा चांगला निघाला, त्यात त्याचा काही दोष नाही. पण त्या भाषणातला एकही शब्द मी अजून विसरलेली नाही. ऐकायचं असेल तर कुणीही पार्लरमध्ये यावं.

हे सगळं आठवूनही मी पेटी उघडली. सांगायला लाज वाटते, पण मी उघडली, आणि कामही फार चांगलं केलं. मला दुसरं सुचलं नाही. गावात माझ्या पाच-सहा नवऱ्या ठरलेल्या होत्या, बाहेर मंडळी होती, आणि मी कोण, मी तर पार्लरवाली. हात आपोआप चालले. गालांखाली गडद रंग, भुवया जाड, गंगावण लावून मोठा अंबाडा, त्यावर अबोलीची वेणी. घरची जांभळी साडी तिला चापून नेसवली. मी तासाभरात बावीस वर्षांची बाई उभी केली. आरसा पुढे धरला.

पोरगी बघत राहिली. मग म्हणाली, "आयो, ही तर ताय."

तेवढ्यात तिची आई चहा घेऊन आत आली. तिनं मुलीकडे पाहिलं, कप बशीवर वाजला, आणि ती चहा न देता तशीच माघारी फिरली.

मुलाकडची माणसं अकराला येणार होती. अकरा वाजता फोन आला की वाटेत जासईला कंटेनरचा ट्रेलर आडवा झालाय. साडेअकराला कळलं, दोन ट्रेलर आहेत. बाराला वीज गेली, पंखा थांबला आणि माझी बावीस वर्षांची बाई कपाळापासून पंधराकडे वितळायला लागली. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते, ती नखं खात होती, मी तिच्या हातावर चापट मारत होते. ती उठून खिडकीशी जायची, मी तिला बसवायची. मग मी उठायची. काकी दर पाच मिनिटांनी डोकावून म्हणायची, "बसा की ग दोगी, काय वाघ हाय का आत?"

शेवटी मी ओटीवर आले. मुलीचा बाप मांडवाच्या खांबाला टेकून फोनकडे बघत उभा होता. बंदरावर कामाला होता. माणूस थकलेला, दाढी घाईत केलेली, हनुवटीखाली दोन केस राहिलेले.

"बसा ना मॅडम."

"मला बसता येत नाही. मुलगी लहान आहे हो तुमची."

मी हे फार मोठ्या धैर्यानं म्हणाले असं वाटेल. मी हे मांडवाच्या झालरीकडे बघून म्हणाले.

"लगीन आज नाय," तो म्हणाला.

"मे मध्ये आहे म्हणते ती."

"ते मे चा मे मध्ये बगू. आज काय हाय? साखरपुडा. कायदा लगनाला हाय, साखरपुड्याला नाय. नुसती साखर हाय मॅडम."

नुसती साखर. शब्दन् शब्द तोच. पंचवीस वर्षांत एक अक्षर बदललेलं नव्हतं. मला वाटलं, वडील लोकांना हे वाक्य कुठेतरी कागदावर छापून मिळत असावं. मी आत वळले. फोन करावा का, कुणाला करावा, पोलिसांना काय सांगायचं, साखर खाल्ली म्हणून? पेटीचं झाकण मी चार वेळा उघडलं आणि लावलं.

दीड वाजता माणसं आली. दोन गाड्या भरून. मुलगा कंटेनरच्या यार्डात क्रेन चालवणारा, सव्वीस-सत्तावीसचा, पांढऱ्या शर्टाची घडी मोडू नये म्हणून ताठ बसलेला. आणि त्याची आई. ती उरणच्या बाजारात मासळी विकायला बसायची. आधी जे बघायला आले होते ते सगळे पुरुष होते, बाजाराचा दिवस असल्यानं ही आली नव्हती. पुरुषांनी चहा प्यायला आणि पदर घेतलेली एक मुलगी पाहिली. ही बाई आज पहिल्यांदा बघणार होती. माशाचा कल्ला उघडून कालचा का आजचा हे सांगणारे तिचे डोळे होते. मी दारामागून पाहिलं आणि मला वाटलं, आता हिला कळणार.

पण माझी कला आडवी आली. पोरगी पाटावर बसली, बायकांनी कुंकू लावलं, ओटी भरली. मुलाच्या आईनं तिची हनुवटी उचलून बराच वेळ पाहिलं.

"मुखडा बरा हाय. बोलत नाय काय?"

"लाजते," काकी म्हणाली.

"लाजू दे. माझ्या घरी आवाज माझाच पुरतो," ती म्हणाली, आणि सगळे हसले. मग तिनं ताट पुढे केलं. हिरवी साडी, तिच्यावर तयार शिवलेला जरीकाठाचा ब्लाउज. आमच्याकडे रीतच आहे, मुलाकडची साडी नेसून मुलगी पुन्हा बाहेर येते, तेव्हा अंगठी. "आमच्या टेलरला मी समोर बसवून शिवून घेतला," ती बाई म्हणाली. "तुमी पाठवलेल्या मापावर. सुताचा फरक नाय."

आम्ही आत आलो. मी, पोरगी, आई, काकी. काकीनं दाराला कडी घातली. पोरगी पडद्याआड जाऊन ब्लाउज घालून आली.

ब्लाउज तिच्या अंगावर अडकवलेला होता एवढंच. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या कोपरापर्यंत. तिनं हात पसरले आणि दोन्ही बाजूंनी कापडाचे पंखे झाले.

"वयनी," काकी जावेला म्हणाली, "मापाला कनचा ब्लाउज धाडलावंस तू?"

आई बांगडीतल्या पिना फिरवत राहिली. मी ओळखलं. कपाटात दुसरं कुणाचं शिवलेलं माप असणार होतं? गेल्या वर्षी जी गेली तिचेच ब्लाउज घड्या घालून तसेच होते.

"जाऊ दे," काकी म्हणाली. "बाय, पिना लावा. मागून गोला करा, वरून पदर येतो."

आणि खरंच, एवढंच करायचं होतं. पाठीत चार, खांद्यांना दोन, दंडाशी दोन. आठ पिना, पाच मिनिटांचं काम, ते मी डोळे मिटून करते. माझ्या पेटीत खालच्या कप्प्यात पिनांचे दोन पुडे होते, एक न फोडलेला.

मी पेटीत हात घातला. कप्पा चाचपला. पुडा हाताला लागला. मी चेहरा अतिशय चिंतातुर केला. राणीचं काम गेलं तरी चेहरा शाबूत होता. आणि मी म्हणाले, "पिना संपल्या."

इतकी बावळट थाप मी आयुष्यात मारली नव्हती. मराठी बाया जमलेल्या खोलीत पिना संपतात? काकीच्या मंगळसूत्राला दोन लटकत होत्या. आईच्या बांगडीत तीन. बाहेर मांडवात शंभर.

"संपल्या कशा?" काकी म्हणाली. "घ्या, माझ्याकरं दोन हायत. वयनी, तुझ्या काढ बगू."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग उघड्या पेटीकडे. पुड्याचं लाल टोक कंगव्याखालून बाहेर आलेलं होतं, ते मला आत्ता दिसलं, आणि ते तिला दिसल्याचंही दिसलं. तिचं बोट बांगडीवरच्या पिनांवर होतं. सकाळपासूनची ती किणकिण थांबली.

तिनं डावा हात पाठीमागे नेला.

"राहू दे," ती म्हणाली. त्या दिवशी मी ऐकलेला तिचा पहिला शब्द.

"राहू दे म्हंजे?"

"त्यांनी शिवून आनलाय. त्यांच्या मापानंच घालू दे."

"येडी हायस का तू? त्यांच्या म्होरं अशी नेतस? पोरीचा बाप मला जित्ती सोडनार नाय."

"मंग तू बाहेर जा. मी आनते तिला."

काकी एकदा माझ्याकडे, एकदा जावेकडे बघत राहिली. आणि आमचं हे चाललेलं असताना पोरगी मोरीत गेली होती. पाण्याचा आवाज आला. आम्ही वळलो तर ती तोंड धुऊन, ओल्या तोंडानं उभी. गालांवर काजळाचे ओघळ, बाकी सगळं स्वच्छ.

"खाजत होता," ती म्हणाली.

मी टॉवेल पुढे केला. त्या दिवशीचं माझं एवढंच काम मला आवडतं. काकीनं कपाळावर हात मारला आणि कडी काढली.

आई स्वतः मुलीला साडी नेसवून मांडवात घेऊन आली. हिरवी साडी, ढगळ ब्लाउज, धुतलेलं तोंड आणि एवढ्या मोठ्या अंबाड्याखाली एवढासा चेहरा. मांडवातलं बोलणं पुढून मागे थांबत गेलं. मागच्या रांगेत कुणीतरी भजी खात होतं, त्याचंच कुरकुरणं तेवढं राहिलं.

मुलाची आई उठली. तिनं मुलीच्या खांद्यावरचं कापड चिमटीत धरलं. चिमूट भरली, मग मूठ भरली, तरी कापड उरलं.

"ह्या माप कोनाचा?" तिनं विचारलं.

बाप पुढे झाला. "टेलरची चूक हाय, आमी..."

"टेलर माझ्या समोर बसला होता. माप कोनाचा?"

"माझ्या मोठीचा," आई म्हणाली.

वर्षभर त्या घरात न उच्चारलेली मुलगी अशी भर मांडवात, शंभर माणसांसमोर आली. बापानं बायकोकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

क्रेनवाला मुलगा मुलीकडे बघत होता, आणि त्याच्या ताठ शर्टातला ताठपणा गेला होता. "कितवीला हायस?" त्यानं विचारलं.

"दहावी."

"परीक्षा कवा?"

"पुढच्या महिन्यात. पन मला बसवत नायत."

त्यानं अंगठीची डबी गुडघ्यावर ठेवली होती. ती त्यानं उचलली, एकदा आईकडे पाहिलं आणि खिशात घातली.

मग जी गडबड उडाली ती मी सविस्तर सांगणार नाही, कारण अर्धी मला कळली नाही. पंच मंडळी एकमेकांना बस म्हणत उभीच होती. मुलाचा काका म्हणत होता, आम्हाला फसवलं. मुलीचा काका म्हणत होता, फोटो दिला होता ना. कुणी म्हणालं, तीन वर्षं थांबा. कुणी म्हणालं, तोवर काय क्रेन चालवत बसायची? या सगळ्यात मुलाची आई ताटाजवळ गेली, पुड्यातली चिमूटभर साखर घेतली आणि ती मुलीच्या तोंडात घातली.

"ही पेपराची," ती म्हणाली. "दुसरी कसली नाय. तोंड पुस, काजल हाय." आणि मुलाला म्हणाली, "उठ. जासईला अजून ट्रेलर असंल."

मला त्या घरात जेवायला कुणी विचारलं नाही. रिक्षा मिळाली नाही म्हणून मी पेटी घेऊन खाडीच्या पुलापर्यंत चालत आले आणि सारखी मागे वळून बघत होते, कुणी येतंय का म्हणून. त्या गावातल्या माझ्या ठरलेल्या सगळ्याच नवरी मुलींनी त्या आठवड्यात दुसरं पार्लर धरलं. काकीनं गावभर सांगितलं होतं की ती बाई साध्या पिना ठेवत नाही.

त्याचं मला काही वाटलं नाही. मला जे वाटत होतं ते वेगळंच. पार्लरमध्ये खुर्ची पुसताना, मेंदीचा कोन भरताना, माझे हात मधेच थांबायचे. त्याच्या आधीच्या सगळ्या हंगामांतल्या किती ब्लाउजांना मी पाठीत पिना लावल्या होत्या? ढगळ ब्लाउज हा टेलरचा दोष, असं मी किती वेळा सहज म्हणाले होते? त्या पाठी मला आठवत होत्या. चेहरे नाही, कारण चेहरे मीच बदलले होते. तेव्हापासून मी डायरीत नवरीपुढे वय लिहिते आणि शाळेचा दाखला दाखवा म्हणते. माणसं म्हणतात, बाई मेकअप करते का नोकरी देते. काही उठून जातात. जातात ती कुठे जातात हे मला माहीत आहे. मिरची गल्लीच्या टोकाला दुसरं पार्लर आहे, आणि तिथे पिना कधी संपत नाहीत.

जून संपता संपता एका दुपारी मुलीची आई एकटीच आली. भिजलेली छत्री दाराशी ठेवून खुर्चीच्या टोकावर बसली. म्हणाली, "भुवया कर. कधी केल्या नाय मी."

मी दोरा घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, भुवया करताना सगळ्यांच्या येतं. मी विचारलं, मुलगी कशी आहे?

"बसली परीक्षेला. तिच्या बापानंच सोडली, गारीवर. बोल्ला नाय काय. पन सोडली."

"आणि?"

"गनितात नापास." तिनं हे असं सांगितलं की पेढे आणले असते तर शोभलं असतं. "आता ऑक्टोबरला परत बसते म्हनते. नायतर परत नापास होते म्हनते."

दुसरी भुवई झाली. मला राहवलं नाही. "तो मापाचा ब्लाउज," मी म्हणाले, "चुकून गेला होता का?"

तिनं आरशात स्वतःकडे पाहिलं, एक भुवई वर करून, मग दुसरी.

"कपाटात तोच वर होता," ती म्हणाली.

उठली. छत्री घेतली. मग दाराशी थांबून तिनं बांगडीतल्या तिन्ही पिना एक एक करून सोडवल्या, माझ्या टेबलावर कंगव्याशेजारी ओळीनं ठेवल्या आणि म्हणाली,

"ठेव. तुज्याकरच्या संपल्या होत्या ना."